गाडीच्या पुढे गेलेले चाक

आपल्याच गाडीचे चाक आपल्या डोळ्यांदेखत आपल्याला मागे टाकून पुढे निघून जावे, असा प्रसंग वाचकांपैकी फारच थोड्यांवर आला असेल. माझ्यावर तो चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. मुरबाडहून कल्याणकडे येत होतो. जुनी, उंच बॉनेटची जीप. पुढे मी आणि आई, मागे बाकांवर सौ., आमची दहा वर्षांची मुलगी आणि तिचा आतेभाऊ. संध्याकाळची वेळ, किंचित चढाचा रस्ता, वेग बेताचा. एकाएकी मुलगी मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बाबा, ते पाहा, कुणाचं तरी चाक चाललंय!"

ते आमचेच होते. मागचे डावे चाक ब्रेकच्या ड्रमासकट निघाले, आम्हांला ओलांडून गेले आणि रस्त्याकडेच्या गवतात जाऊन शांतपणे आडवे झाले. त्याच क्षणी गाडी मागच्या डाव्या अंगाला बसली आणि लोखंड डांबरावर करकरू लागले. मी ब्रेक दाबला, तो पोकळ जमिनीपर्यंत गेला. हातब्रेक ओढला, त्यानेही काही साधले नाही. गाडी थांबली ती माझ्या शहाणपणाने नव्हे; चढ होता आणि एक कोपरा जमिनीवर घासत होता म्हणून. तोच रस्ता उताराचा असता आणि वेग दुप्पट असता, तर हा लेख लिहायला मी उरलो असतो की नाही, देव जाणे.

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण त्या रात्री घरी पोचल्यावर मी जाहीर करून टाकले, "आता या गाडीला चांगला दणकट मागचा एक्सल बसवायचा. खर्च होईल तो होईल."

हे वाक्य वाटते तितके सोपे नाही, हे पुढच्या दोन महिन्यांत मरोळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला कळले. रानवाटांची हौस असलेली माणसे आता आपल्या मध्यमवर्गातही पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या गाडीत विश्वासाने बसणाऱ्या घरच्या मंडळींच्या उपयोगी पडावे, म्हणून ती हकीकत सांगतो.

मरोळची शेड

मरोळ एके काळी भातशेतीचे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले, आणि त्याची वसाहत येथे उभी राहिल्यावर लेथ, प्रेस आणि ओतकामाच्या शेडांनी हा भाग गजबजला. आज त्या शेडांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. नाक्यावर डोक्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते आणि २०२४ पासून पायांखालूनही. तरीही एखाद्या गल्लीत, वडाच्या आडोशाला, ऑईलने काळी झालेली जमीन आणि लेथचा घरघराट अजून भेटतो. आमचे मेस्त्री अशाच गल्लीतले. मूळचे कोकणातले, बोलणे मोजके, आणि गाडी तपासण्याआधी गाडीवाल्याला तपासण्याची सवय.

मी म्हटले, "मेस्त्री, हा एक्सल कुचकामी आहे. मोठा बसवा."

त्यांनी तुटका तुकडा हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि विचारले, "साहेब, टायर कुणी सांगून मोठे घातले?"

मी गप्प.

"आणि हा नट शेवटचा कधी आवळला होता?"

मी अधिकच गप्प.

"मग एक्सलला कशाला शिव्या देता? नाचता येईना, अंगण वाकडं!"

त्यांनी तुकड्याचे तोंड उजेडात धरले. तुटीच्या पृष्ठभागाचे दोन रंग होते. एका कडेला गुळगुळीत, काळपट, जुना भाग. उरलेला चमकदार, खरबरीत, ताजा. काळपट भाग म्हणजे जुना तडा. तो चावीच्या खाचेपाशी कित्येक महिन्यांपूर्वी सुरू झाला होता आणि इंच-इंच सरकत आत गेला होता. त्या दिवशी सकाळी ओढ्यात चाक दोन दगडांच्या मध्ये अडकले तेव्हा मी इंजिन जोराने रेटले. तिथे त्याला शेवटचा धक्का बसला. मोडला मात्र तो घराच्या वाटेवर, सपाट डांबरी रस्त्यावर. यंत्रांचे हे असे असते. अपमान सकाळी करावा आणि उत्तर संध्याकाळी मिळावे.

आजी आणि नात

येथे थोडा इतिहास सांगावा लागेल. बैलगाडीचा आख आपण सर्वांनी पाहिला आहे. तो स्वतः फिरत नाही; चाक त्याच्यावर फिरते. त्याचे काम एकच, भार वाहणे. मोटारीच्या मागच्या एक्सलला दोन कामे असतात: भार वाहणे आणि चाकाला पीळ देऊन फिरवणे. ही दोन कामे एकाच दांड्यावर टाकायची की वाटून द्यायची, यावर सारे अवलंबून असते.

पहिल्या प्रकारात चाकाचा हब थेट फिरत्या दांड्याच्या टोकावर बसतो. गाडीचे वजनही दांड्यावर आणि पीळही दांड्यावर. याला 'सेमी-फ्लोटिंग' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात हब दोन बेअरिंगांवर, बाहेरच्या न फिरणाऱ्या नळीवर बसतो, म्हणजे बैलगाडीसारखाच. आणि आतला दांडा फक्त पीळ पोचवतो. हा 'फुल-फ्लोटिंग'. मालमोटारींना हाच असतो. पहिल्या प्रकारात दांडा टोकाशी तुटला तर चाक निघून जाते. दुसऱ्या प्रकारात दांडा तुटला तरी चाक जागच्या जागी राहते. गाडी त्या चाकाने ओढली जाणार नाही इतकेच.

गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपेचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता. युद्ध संपल्यावर नागरी जीप निघाली. तिच्या अगदी पहिल्या काही गाड्यांनंतर सेमी-फ्लोटिंग एक्सल आला. त्याचा क्राऊन मोठा होता, पण हब निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला. आपल्याकडे १९४७ साली विलीसकडून ७५ जीपांची पहिली खेप सुट्या भागांच्या रूपाने आली. महिंद्रांनी माझगावात जुळणी केली, पुढे कांदिवलीच्या कारखान्यात उंच बॉनेटची जीप वर्षानुवर्षे बनत राहिली. आमची गाडी त्याच वंशातली.

"म्हणजे," सौ. म्हणाली, "आजीचा एक्सल नातीपेक्षा बरा होता!"

मेस्त्री हसले. "सगळ्या बाबतीत नाही, वहिनी. नातीचा क्राऊन मोठा आहे. दातांना ती आजीपेक्षा भक्कम. फक्त चाक धरून ठेवायला आजी बरी."

त्या निमुळत्या टोकाचेही एक मर्म आहे. पीळ खरे तर त्या निमुळत्या बसणीच्या घट्टपणानेच चाकाला पोचायचा असतो. चावी केवळ सोबतीला. नट ढिला राहिला की हब सूक्ष्म हलू लागतो, सारा पीळ चावीवर येतो, आणि खाचेच्या कोपऱ्यात तडा जन्म घेतो. जिथे हे काम मी आधी करवून घेतले होते तिथे नट हातानेच आवळला गेला होता, आणि नंतर तो पुन्हा तपासायचा असतो हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

पिळाचा हिशेब

मेस्त्रींनी मग पाटीवर खडूने हिशेब मांडला. तो मला फार आवडला.

या जीपेच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा पीळ सुमारे १५५ न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला १६ किलोंपेक्षा किंचित कमी वजन टांगावे, तेवढा. पण पहिला गिअर तो २.८ पट करतो, ट्रान्स्फरचा लो गिअर २.४६ पट आणि मागचा क्राऊन-पिनियन ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे घर्षणाची वजावट सोडली, तर त्याच एक मीटर पान्ह्याला सुमारे ५८५ किलो, जवळजवळ सहा क्विंटल!

मग दांडे रोज का तुटत नाहीत? कारण इतका पीळ सहसा दांड्यापर्यंत येतच नाही. फोर-व्हीलमध्ये तो पुढेमागे वाटला जातो. साधे डिफरन्शियल दोन चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक चिखलात भिरभिरू लागले की दुसऱ्यालाही तितकाच थोडा मिळतो. गाडी रुतते, पण दांडा वाचतो. चाकाचे घसरणे ही एक्सलची सुरक्षाझडपच आहे. चाक दगडात अडकले आणि घसरायला वाव उरला नाही, की मात्र दांडा एकटा सापडतो.

आता पाहा. आम्ही २८ इंचांच्या जागी ३२ इंचांचे टायर घातले होते. टायर रुंद, पकड जास्त; म्हणजे चाक घसरणार कमी. त्रिज्या मोठी, म्हणजे तितक्याच पकडीला दांड्यावर पीळ सुमारे चौदा टक्के अधिक. वर ५.३८चा गिअर त्या उंच टायरावर ४.७ सारखा वागू लागला. म्हणून गाडी सुस्त झाली आणि मी क्लच ठोकून चढवू लागलो. शोभेसाठी घातलेल्या टायरांनी तीन बाजूंनी दांड्यावर हल्ला केला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण टायरांनाही लागू आहे.

मोठा एक्सल घ्यावा का?

तरी माझा हट्ट सुटेना. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात जाऊन मी एका जड गाडीचा एक्सल पाहूनही आलो. भोपळा केवढा! दांडा मनगटाएवढा! मोठ्या दांड्याचे गणित मोहक आहे. गोल दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती जाडीच्या घनाने वाढते. जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर शक्ती एक तृतीयांशाने वाढते. आमच्या जातीच्या एक्सलचा क्राऊन साडेआठ इंची. त्याच घराण्यातल्या 'डाना ६०' नावाच्या थोरल्या भावाचा पावणेदहा इंची.

मेस्त्रींनी बोटे मोडत अडचणी सांगितल्या. पहिली, रुंदी. एक्सल रुंद असेल तर चाके मडगार्डाबाहेर येणार. कापून आखूड करावा तर हौसिंग वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, आणि वाकड्या हौसिंगमध्ये उत्तम दांडाही लवकर मरतो. दुसरी, भोपळ्याची जागा. जुन्या जीपेचा भोपळा मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्स्फरमधून दांडा उजवीकडूनच निघतो. मधल्या भोपळ्याचा एक्सल लावला तर प्रोपेलर शाफ्ट तिरका चालतो आणि त्याचे जॉइंट खातो. तिसरी, गिअर. मागचा ५.३८ काढून दुसरा घातला, तर पुढचाही तेवढाच हवा. नाहीतर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात आणि मधल्या ट्रान्स्फरचे दात झडतात. चौथी, हबचे बोल्ट, ब्रेक, कमानपाट्यांच्या बैठका आणि पिनियनचा कोन. पाचवी, जमिनीपासूनची उंची. भोपळा मोठा म्हणजे दगडाला लागणारही तोच पहिला.

"आणि सहावी," मेस्त्री म्हणाले, "एवढं करून मागचा दांडा अमर झाला, तर पुढच्या वेळी काय तुटणार?"

मी विचारात पडलो. प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तुटेल, किंवा ट्रान्स्फर फुटेल. काहीतरी तुटणारच, रानात इंजिन रेटणारा माणूस तोच आहे ना! मग प्रश्न असा, की काय तुटलेले आपल्याला परवडेल? जे बाहेरून, ओढ्याकाठी बसून, दोन पान्ह्यांनी बदलता येईल तेच तुटावे. गिअरबॉक्सचे दात रानात बदलता येत नाहीत.

लॉकरचाही विषय निघाला. दोन्ही मागची चाके एकत्र बांधणारे डिफरन्शियल आता कारखान्यातूनही मिळते. २०१५ पासून महिंद्रांच्या थारमध्ये ईटनचे आपोआप बांधले जाणारे यांत्रिक डिफरन्शियल आले. चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की ते बांधले जाते आणि रस्त्याच्या वेगाला बांधले जात नाही. फार उपयोगी वस्तू. पण लॉकर म्हणजे ती सुरक्षाझडप बंद करणे. एक चाक हवेत असेल तर मागचा सारा पीळ दुसऱ्या एकाच दांड्यावर येतो. म्हणून क्रम असा: आधी दांडे भक्कम, मग लॉकर. उलटा क्रम लावणारे मेस्त्रींचे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते.

वहिनींचा प्रश्न

हे सारे चालू असताना सौ. स्टुलावर बसून चहा घेत होती. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं महिनाभर एकच बोलताय, कोणता एक्सल तुटणार नाही. मला एवढंच सांगा, मेस्त्री, तुटलाच तर चाक सुटेल का? आणि गाडी थांबेल का? मागे पोरं बसतात."

शेडमध्ये क्षणभर लेथचाच आवाज राहिला.

सबंध विषयाचे सार त्या प्रश्नात होते. त्या दिवशी आमचे दोन्ही ब्रेक का गेले, हे मेस्त्रींनी तेव्हा उलगडून सांगितले. जुन्या जीपेत चारही चाकांच्या ब्रेकला एकच नळी. ड्रम चाकाबरोबर निघून गेला, म्हणून पहिल्याच दाबाला त्या चाकाचे पिस्टन बाहेर पडले आणि सगळे तेल तिथून गेले. हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फरच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर. एका बाजूचा दांडा तुटला की शाफ्ट कितीही घट्ट धरा, डिफरन्शियलमधून उरलेले चाक मोकळेच फिरते. म्हणजे एका दांड्याच्या टोकाबरोबर चाक, पायब्रेक, हातब्रेक आणि इंजिनाचा आधार, चारही गोष्टी एकदम गेल्या होत्या. चाक मोडणे ही त्यांतली सर्वांत लहान गोष्ट!

त्या दिवशी निवड झाली. भोपळा तोच, क्राऊन-पिनियन तेच. मात्र दोन्ही टोकांना फुल-फ्लोटिंगचा संच. असे संच परदेशातून मागवावे लागतात. वाट पाहावी लागली आणि खिशालाही चिमटा बसला. हौसिंग सरळ आहे की नाही ते आधी लेथवर तपासले. दांडे चांगल्या मिश्रपोलादाचे, नवी बेअरिंगे, नवी सीले. टायर पुन्हा मूळ मापाजवळचे. पायब्रेकला दोन वेगळ्या नळ्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहील. लॉकर नाही.

कागदांचीही गोष्ट सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट बोट ठेवले आहे. मोठा एक्सल, रुंद चाके, बदललेली बांधणी यांपैकी काहीही करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारावे. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर महाग पडते.

चार सवयी

यंत्राबरोबर मेस्त्रींनी मला चार सवयीही बसवून दिल्या. निमुळत्या टोकाचा हब असेल तर नट मापाच्या पान्ह्यानेच आवळावा आणि थोडी धाव झाल्यावर पुन्हा तपासावा. पावसाळी ओढे ओलांडून आल्यावर भोपळ्यातले ऑईल पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ताबडतोब बदलावे. चढावर थांबताना केवळ जुन्या हातब्रेकवर विसंबू नये. फोर-व्हील लो आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवावी, म्हणजे पुढची चाकेही धरतात, आणि चाकामागे लाकडाचा ठोकळा द्यावा. आणि चाक अडकले तर इंजिन रेटू नये. खाली उतरून दगड काढावा. दगड काढायला पाच मिनिटे लागतात.

मागच्या दिवाळीत त्याच ओढ्यात पुन्हा गेलो. तेच दोन दगड तिथेच बसलेले. मी गाडी थांबवली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरलो. मुलगी आता मोठी झाली आहे, तीही उतरली. दोघांनी मिळून पहारीने दगड बाजूला केला आणि जीप कोणताही पराक्रम न करता पलीकडे गेली.

संध्याकाळी मरोळला परतताना शेड उघडी दिसली म्हणून थांबलो. फराळाचा डबा मेस्त्रींच्या हाती दिला. त्यांनी डबा बाजूला ठेवला, आधी वाकून मागच्या हबला हात लावून तो गरम आहे का ते पाहिले, आणि मग म्हणाले, "चारही चाकं आली ना घरी? मग झाली दिवाळी."